चाळीसपैकी चोवीस म्हणजे नेमकं काय?

आठवीला गणित शिकवणाऱ्याला जूनमध्ये एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: समोर बसलेल्या पोरांना काय येतं आणि काय येत नाही. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात आजूबाजूच्या पाच-सहा गावांतल्या सरकारी मराठी शाळांतून मुलं येतात. सोबत सातवीचं प्रगतिपत्रक आणतात. त्यावर गणितापुढे एक आकडा असतो, एक श्रेणी असते, खाली सही-शिक्का असतो. मला हवं असतं तेवढं सोडून सगळं असतं.

दोन उत्तरपत्रिका बघा. चाळीस गुणांचा पेपर, दोन मुली, दोघींना चोवीस. पहिलीने दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश याचं उत्तर तीन सप्तमांश काढलंय. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. दोन तृतीयांश हे अर्ध्याहून जास्त, त्यात आणखी काही घातलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे तिला खटकलेलं नाही. पेपरात जिथे जिथे अपूर्णांक आला तिथे तिथे हाच प्रकार. कोन, त्रिकोण, समीकरणं मात्र चोख. दुसरीचे अपूर्णांक बघून समाधान वाटावं: लसावि काढलेला, ओळीखाली ओळ, शेवटी संक्षिप्त रूप. पण उणे पाच वजा उणे तीन याचं उत्तर तिने उणे आठ लिहिलंय. ऋण चिन्ह दिसलं की तिचं गाडं अडतं, आणि त्यापायी समीकरणंही गेली.

पहिलीला कागदाच्या पट्ट्या घेऊन अपूर्णांकांपाशी बसवायला हवं, दुसरीला संख्यारेषेपाशी. एकीचं औषध दुसरीला दिलं तर दोघींचा वेळ जाईल. प्रगतिपत्रक मात्र सांगतं की दोघी सारख्याच. शिवाय हे चोवीस वाचून पालक म्हणतात, ‘साठ टक्के हायत की, बरं चाललंय’. दोघींपैकी एकीचंही बरं चाललेलं नाही. आठवीत परिमेय संख्या सुरू झाल्या की पहिली अडकणार, बैजिक राशी सुरू झाल्या की दुसरी.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की सहावी ते आठवीच्या गणितात गुणांची बेरीज करून निकाल देणं थांबवावं. त्याऐवजी वर्षाची पंधरा-वीस अध्ययन उद्दिष्टं ठरवावीत आणि प्रत्येक मुलापुढे, प्रत्येक उद्दिष्टापुढे, आज त्याला ते येतं की नाही एवढंच लिहावं. पुन्हा तपासल्यावर आलं, तर जुनी खूण खोडून नवी करावी. जुनी आणि नवी यांची सरासरी काढायची नाही.

अमेरिकेतल्या पुष्कळ मिडल स्कूलमध्ये, म्हणजे आपल्या सहावी ते आठवीच्या वर्गांत, ही पद्धत गेली काही वर्षं वापरात आहे. तिथे बहुतेक ठिकाणी एक ते चार अशी पट्टी असते: एक म्हणजे अजून मदतीशिवाय जमत नाही, तीन म्हणजे वर्गाच्या अपेक्षेइतकं येतं, चार म्हणजे त्यापुढचं. गृहपाठ, वहीचा टापटीपपणा, वर्गातली वागणूक यांची नोंद वेगळी ठेवतात. ती गणिताच्या निकालात मिसळत नाहीत. याचं मूळ बरंच मागे जातं. बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये ‘मास्टरी लर्निंग’ मांडलं. त्याचा गाभा असा की धडा झाल्यावर तपासा, ज्याला आलं नाही त्याला वेगळ्या रीतीने शिकवा आणि पुन्हा तपासा. शिकायला लागणारा वेळ मुलागणिक बदलू द्या, पण काय आलं पाहिजे ते बदलू देऊ नका. आपल्याकडे याच्या बरोबर उलटं चालतं. पाठ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात संपलाच पाहिजे. कोणाला किती आलं, तो नशिबाचा भाग.

आकड्यावर इतका विश्वास कशासाठी, हेही विचारायला हवं. १९१३ मध्ये स्टार्च आणि एलियट या दोन अमेरिकी अभ्यासकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडे तपासायला पाठवली होती. कुणी तिला तिशीच्या आतले गुण दिले, कुणी नव्वदीच्या वरचे. पेपर भूमितीचा, निबंधाचा नव्हे. एकाने रीत बघितली, दुसऱ्याने उत्तर, तिसऱ्याने अक्षर. शंभर वर्षांनंतर आमच्या स्टाफरूममध्येही पायऱ्यांचे गुण द्यायचे की नाहीत यावर दोन तट पडतातच.

बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांच्या घरातलं कुणी लेथवर काम करतं त्यांना बेरजेचा धोका समजावून सांगावा लागत नाही. ड्रॉइंगमध्ये शाफ्टचा व्यास पंचवीस मिलिमीटर आणि लांबी शंभर दिलेली असते. व्यास थोडा कमी निघाला आणि लांबी थोडी जास्त, तर सरासरी बरोबर आली म्हणून कुणी तो जॉब पास करत नाही. प्रत्येक माप वेगळं तपासतात, कुठलं चुकलं ते लिहितात आणि दुरुस्त होण्यासारखा असेल तर तो पुन्हा मशीनवर चढवतात.

उद्दिष्ट म्हणजे पाठाचं नाव नव्हे, हे इथेच सांगून टाकतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. ‘अपूर्णांक आणि दशांश’ हे उद्दिष्ट होत नाही. ‘छेद वेगवेगळे असलेल्या दोन अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करणं’ हे उद्दिष्ट. ‘दशांश चिन्हानंतरचे अंक कमी-जास्त असले तरी दोन दशांश संख्यांतली मोठी ओळखणं’ हे दुसरं. एकाच पाठात अशी चार-पाच निघतात आणि मुलाला त्यातली दोन येत असतात, तीन येत नसतात. सरकारने २०२५-२६ पासून पाठनिहाय मूल्यांकन आणलं आहे. वर्षातून दोनदा मोठा पेपर घेण्यापेक्षा ते बरंच, पण पाठाच्या चाचणीतही शेवटी बेरीजच होते. बेरीज लहान झाली, गेली नाही.

उद्दिष्ट ठरल्यावर खरं कसब प्रश्न काढण्यात आहे. ‘एक द्वितीयांश अधिक एक चतुर्थांश’ हा प्रश्न काही तपासत नाही, कारण अर्धा आणि पाव मिळून पाऊण होतं हे पोराला शाळेत यायच्या आधीपासून माहीत असतं. पाच षष्ठांश वजा तीन अष्टमांश द्या, मग कळेल. दशांशाचंही तेच. ४.२५ आणि ४.७५ यांत मोठी कोणती, असं विचारलं तर सगळा वर्ग बरोबर सांगतो आणि शिक्षक खूश होऊन पुढे जातो. ४.३५ आणि ४.५ विचारा. बरीच पोरं ४.३५ म्हणतात, कारण पस्तीस पाचाहून मोठे. यातली काही रोज संध्याकाळी किटली घेऊन गावच्या डेअरीवर जातात, पावतीवर फॅटचा आकडा वाचतात आणि फॅट ४.३५ वरून ४.५ झालं की दर वाढतो हे त्यांना पाठ असतं. डेअरीवर येतं ते वहीत येत नाही. हे कळलं तर शिकवायचं कुठून, तेही कळतं: पावती वर्गात आणायची. वीसपैकी अकरा गुण बघून पावती आणायचं कुणाला सुचणार?

प्रत्येक उद्दिष्टाला असे तीन-चार नेमके प्रश्न पुरतात. अर्ध्या पानाची चाचणी, पंधरा मिनिटं. शनिवारी सकाळची शाळा असते. त्यातला एक तास ज्यांचं राहिलंय त्यांच्या फेरचाचणीला द्यावा आणि बाकीच्यांना पुढची उदाहरणं. फेरचाचणीत प्रश्न तेच नकोत, त्याच जातीचे हवेत. आणि त्याआधी मुलाने काहीतरी केलेलं असलं पाहिजे: चुकलेलं उदाहरण पुन्हा सोडवलेलं, शेजारच्याला समजावून सांगितलेलं, काहीही. नुसतीच पुन्हा परीक्षा म्हणजे पुन्हा तोच निकाल.

यातलं बरंचसं आपल्याकडे आहेच, आणि मला राग येतो तो याचाच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाला किती समजलं आणि ते त्याला वापरता येतं का याचं सातत्यपूर्ण, सर्वंकष मूल्यमापन सांगितलेलं आहे. त्याचं झालं काय? चार एफए, म्हणजे आकारिक चाचण्या, दोन एसए, म्हणजे संकलित परीक्षा, प्रत्येकाचे गुण, त्यांची बेरीज, सॅट्स या सरकारी पोर्टलवर एंट्री. सातत्य राहिलं ते बेरजेचं. आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाचे गुण असतात आणि चार्टपेपरवर ताईने काढलेला वर्तुळालेख आणणाऱ्याला ते पूर्ण मिळतात. ताईला वर्तुळालेख येतो, एवढं त्यावरून खात्रीने सांगता येईल.

सेतुबंधाचं बघा. दर जूनमध्ये कर्नाटकातल्या शाळांत सेतुबंध चालतो. मागच्या इयत्तेतलं काय येतं याची पूर्वचाचणी, मग काही दिवस उजळणी, मग साफल्य चाचणी. क्षमतेनुसार तक्ता असतो, मुलापुढे खुणा असतात. म्हणजे मी जे मागतोय तेच, सरकारी कागदावर, वर्षानुवर्षं! पण सेतुबंध संपला की तो तक्ता फाइलीत जातो आणि एफए-१ पासून पुन्हा वीसपैकी किती हा खेळ सुरू. जूनमध्ये तक्ता चालतो, तो जुलैत का चालू नये? नली-कलीतही हेच तत्त्व आहे. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालेली ही पद्धत पुढे राज्यभर गेली, आणि तिच्यात पहिली ते तिसरीची मुलं आपापल्या गतीने शिडीच्या पायऱ्या चढतात. कोण कुठल्या पायरीवर आहे ते भिंतीवरच्या तक्त्यावर दिसतं. आठ वर्षांच्या मुलाला पायरी आणि बारा वर्षांच्या मुलाला टक्के, असं का, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. कोरोनानंतर २०२२-२३ मध्ये ‘कलिका चेतरिके’ हा शिकण्यातली तूट भरून काढायचा कार्यक्रम आला, तोही अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय आलं पाहिजे ते, धरूनच. वर्ष संपलं, कार्यक्रम संपला.

आणि दहावीचं तर सरकारने स्वतःच केलंय. २०२३-२४ पासून एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात. परीक्षा-१ मध्ये कमी पडले तर पुढची परीक्षा देता येते आणि ज्यात जास्त ते गुण धरले जातात. म्हणजे पहिल्या फेरीत आलं नाही म्हणून मुलाला शिक्षा नको, शेवटी येतं ते खरं, हे तत्त्व राज्याला मान्य आहे. पंधराव्या वर्षी, गाडी सुटायच्या वेळी मान्य आहे. बाराव्या वर्षी, जेव्हा अपूर्णांक अजून दुरुस्त होऊ शकतात, तेव्हा मात्र जुलैची चाचणी मार्चपर्यंत पोराच्या मानगुटीवर.

जुलै म्हटला म्हणजे आमच्याकडे पाऊस. कणकुंबी, जांबोटीच्या पट्ट्यात नाले भरून वाहतात, शाळेला सुट्ट्या जाहीर होतात आणि त्याच वेळी शेतात रोपलावणी असते. एफए-१ नेमकी या दिवसांत. चाचणीला मूल गैरहजर, की शून्य. बाईंनी दया येऊन नंतर घेतली तर घेतली. उद्दिष्टांच्या तक्त्यात गैरहजर मुलापुढचा चौकोन कोरा राहतो. अजून तपासलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्या मुलाला ऑगस्टमध्ये पूर्णांक बिनचूक यायला लागले त्याच्या जुलैतल्या शून्याची आणि ऑगस्टमधल्या दहाची सरासरी पाच काढून आपण काय सांगतो? त्याला निम्मे पूर्णांक येतात? निम्मे पूर्णांक ही चीज कुठे असते?

सीमाभागात या सगळ्याला आणखी एक पदर आहे आणि तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्या पोरांचं माध्यम बदलतं. सातवीपर्यंत गावात मराठी शाळा आणि पुढे जवळ मराठी हायस्कूल नसलं की कन्नड माध्यम. परवडलं तर इंग्रजी. निपाणी, चिक्कोडीकडे काय किंवा बीदर जिल्ह्यात भालकी, औरादकडे काय, गोष्ट तीच. दहावीनंतर बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेलं की विज्ञान शाखेला इंग्रजी. काही पोरं शिनोळीच्या पलीकडे चंदगड, कोल्हापूरला जातात. दरवेळी नवीन शिक्षक पोराची पहिली चाचणी बघतात, शाब्दिक उदाहरणं कोरी दिसतात आणि ‘गणित कच्चं’ असा शिक्का बसतो. पोराला टक्केवारी येत असते. ‘सहाशेचे पंधरा टक्के किती’ हे ते पटकन नव्वद सांगतं. दुकानदाराने, ग्राहकाने, सूट वजा जाता, अशी तीन ओळींची कन्नड वाक्यं आली की अडतं. गणित आणि वाचन यांची खूण वेगवेगळी केली तर शिक्षकाला दिसेल की याला भाषेची मदत हवी, पाढ्यांची नको. उलटही होतं. गोष्ट नीट समजते, काय करायचं ते तोंडी सांगतं, पण भागाकारात घोटाळा. दोघांनाही दहापैकी चारच पडतात.

‘छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज: येते’ ही एक ओळ कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हींत छापून मुलाच्या हातात दिली तर ती कुठल्याही शाळेत कामाची आहे. बासष्ट टक्क्यांचं तसं नाही. ते कुठल्या पेपरचे, कुणी तपासलेले, प्रकल्प धरून की सोडून, हे त्या शाळेबाहेर कुणाला ठाऊक? सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल कधी आणि काय लागायचा तो लागो. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद दोन्ही राज्यांत समानच करावे लागतात.

मराठी शाळा टिकवायच्या म्हणून आपण सभा घेतो, निवेदनं देतो. घ्यावीत, द्यावीत. पण पालक पोराला इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतात तेव्हा त्यांच्या मनात असतं ते हे की तिथे निदान लक्ष देतात. गावच्या मराठी शाळेने त्या पालकांना, तुमच्या मुलीला वीसपैकी चौदा गोष्टी येतात, या तीन चालू आहेत, या तीन अजून यायच्या आहेत आणि त्यासाठी आम्ही शनिवारी हे करतोय, असं सांगितलं, तर टायवाल्या शाळेला ते इतक्या नेमकेपणाने सांगता येणार नाही. तिथेही बेरीजच असते, फक्त रंगीत कार्डावर.

आता पालकांचंच. त्यांना असा तक्ता दाखवला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘सर, ते चौकोन-बिकोन ऱ्हाऊ देत. मार्क किती पडले आणि नंबर कितवा, तेवढं सांगा की.’ यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या वेळी मार्कच होते, आणि मार्क कळतात. वरून आपल्याकडे निकाल हा शर्यतीसारखा वाचायची सवय. दहावीचा निकाल लागला की बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन शैक्षणिक जिल्हे राज्यात कितवे, याचीच बातमी होते. पण तक्त्यावर बोट ठेवून सांगायला लागलं की पालकांचे प्रश्न बदलतात, हेही मी पाहिलंय. ‘हे भागाकाराचं घरी आम्ही करून घेऊ काय?’ असं मार्क बघून कुणी विचारत नाही. मार्क बघून एक तर पोराला शाबासकी मिळते, नाही तर फटका.

नंबर मात्र जातो, हे खरं आहे, आणि तो गेल्याचं दुःख मला नाही. ज्यांना स्पर्धेत उतरायचंय त्यांच्यासाठी नवोदय, मोरारजी देसाई निवासी शाळा यांच्या प्रवेशपरीक्षा आहेतच. त्या प्रगतिपत्रक बघून घेत नाहीत. अडचण येते ती एनएमएमएससारख्या शिष्यवृत्तीला, जिथे सातवीत किमान ५५ टक्के गुण असावे लागतात. तिथे आकडा द्यावाच लागेल. मग वर्षाअखेरीस, वीसपैकी किती उद्दिष्टं गाठली याचे टक्के काढून तो द्यावा. तो आकडाही बेरीजच आहे, कबूल. पण निदान कशाची बेरीज ते माहीत असेल, आणि तो फक्त मागेल त्या कागदावर लिहायचा, मुलाच्या वहीवर नाही.

शिक्षकांचा आक्षेप याहून वजनदार आहे. आधीच सॅट्स, माध्यान्ह आहाराच्या नोंदी, जनगणना, निवडणूक, त्यात रिकाम्या जागा आणि अतिथी शिक्षक. त्यात हा तक्ता कोण भरणार? वर्गात पंचवीस मुलं आणि वीस उद्दिष्टं धरली तर पाचशे चौकोन. सहावी ते आठवीला वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं कायदा सांगतो. म्हणजे दिवसाला दोन-सव्वादोन खुणा. पेपर तपासून, बेरीज करून, बेरीज पुन्हा पडताळून, पोर्टलवर चढवण्यापेक्षा हे जास्त नाही. पण अट एकच: हे त्याऐवजी आलं पाहिजे, त्यावर आणखी नव्हे. जुनं सगळं ठेवून वर तक्ताही भरा असा आदेश निघाला, तर मार्चमध्ये एका बैठकीत पाचशेच्या पाचशे चौकोन एकाच निळ्या पेनने भरले जातील, आणि मी त्या शिक्षकांना दोष देणार नाही. उद्दिष्टं वीसवरून साठ केली तरी हेच होईल. वरच्या कार्यालयात बसणाऱ्यांना यादी वाढवायचा मोह फार.

खोट्या खुणांचं काय? होतीलच. आजही गुण वाढवले जातात. फरक हा की वाढवलेले गुण पकडता येत नाहीत. बासष्ट खोटे आहेत हे सिद्ध कसं करणार? ‘ऋण संख्यांची वजाबाकी: येते’ हे मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात, सेतुबंधाच्या पूर्वचाचणीत, तीन प्रश्नांत कळतं. एखाद्या शाळेकडून आलेल्या दहा मुलांपैकी आठांच्या खुणा टिकल्या नाहीत, तर हायस्कूलच्या शिक्षकाने तिथल्या बाईंना फोन करावा. चौकशी नको, नोटीस नको. तुम्ही कुठले प्रश्न विचारता आणि मी कुठले, एवढंच बोलावं. बहुतेक वेळा ४.२५ आणि ४.७५ चा प्रश्न निघेल.

ही पद्धत कशी फसते याचं उदाहरणही डोळ्यांपुढे ठेवायला हवं. अमेरिकेतल्या मेन राज्याने २०१२ मध्ये कायदाच केला की शाळा सोडल्याचा डिप्लोमा उद्दिष्टं गाठल्यावरच द्यायचा. सहा वर्षांत, २०१८ मध्ये, तो ऐच्छिक करावा लागला. प्रत्येक जिल्ह्याने आपापली उद्दिष्टं, आपापली पट्टी ठरवली. एक ते चार गुणांचं प्रगतिपत्रक कॉलेजला कसं दाखवायचं म्हणून पालक धास्तावले. शिक्षकांना तयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही. यातून मी धडा घेतो तो असा की शेवटच्या टोकाला, जिथे प्रमाणपत्र अडकलेलं असतं, तिथून सुरुवात करू नये. सहावी-सातवीला काहीच पणाला लागलेलं नसतं. चूक करायला हीच जागा.

आपल्याकडे याच्या उलट, सगळी ताकद परीक्षा घ्यायची की नाही या भांडणात जाते. पाचवी, आठवी, नववीच्या बोर्डासारख्या परीक्षांचं २०२४ मध्ये काय झालं ते आठवा. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने त्या रद्द केल्या, खंडपीठाने परवानगी दिली, एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षांचा निकाल लावायला स्थगिती दिली. पोरांचे पेपर मध्येच थांबले आणि उरलेले नंतर झाले. या धुमाळीत कुणीही विचारलं नाही की निकाल लागला असता तर त्यातून आठवीच्या पोराबद्दल नववीच्या शिक्षकाला काय कळलं असतं. २०२५ मध्ये दहावीची पासची रेषा ३५ वरून ३३ वर आली, त्यावरही पाहिजे तेवढी चर्चा झाली. रेषा पस्तीसवर असो नाही तर तेहतीसवर, तिच्या जरा वर असलेल्या पोराला भागाकार येतो का, हे रेषा सांगत नाही. मुलांना वाचन-गणित किती येतं ते बघणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत देशभरातल्या खेड्यांमधल्या आठवीच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला देतात. २०१८ मध्ये ४४.१ टक्के मुलांना ते आलं, २०२२ मध्ये ४४.७ टक्के. मधल्या काळात कोरोना येऊन गेला, तरी आकडा हलला नाही. मुळात तो हलण्याजोगा उरलाच नव्हता. निम्म्याहून जास्त पोरं भागाकाराशिवाय आठवीपर्यंत आली, ती प्रत्येक वर्षी कुठली ना कुठली बेरीज पार करूनच.

सुरुवातीला सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही. एका हायस्कुलाने आणि त्याला मुलं पुरवणाऱ्या पाच-सहा प्राथमिक शाळांनी ठरवलं तरी पुरे. सॅट्सला गुण भरायचे ते भरावेत, पण सेतुबंधाचा तक्ता फाइलीत न घालता मार्चपर्यंत भिंतीवर ठेवावा, आणि मूल आठवीला जाताना त्याची एक प्रत त्याच्यासोबत पाठवावी. क्लस्टरच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या, महिन्याच्या बैठकीत परिपत्रकं वाचण्यात जातो त्यातला एक तास गणिताच्या शिक्षकांना दिला, तर दोन-तीन महिन्यांत यादी आणि प्रश्न तयार होतात.

यादीवर भांडण होणार, आणि ते व्हायला हवं. वीसच उद्दिष्टं ठेवायची म्हणजे काहीतरी गाळायला लागणार. माझ्यापुरतं सांगतो: सममिती आणि घनाकृतींच्या आकृत्या शिकवा, पण यादीतून गाळल्या तरी माझी तक्रार नाही. अपूर्णांकांची चारही कामं, ऋण संख्या, दशांशांची तुलना, गुणोत्तर, टक्केवारी, एका चलाचं समीकरण आणि क्षेत्रफळ यांतलं एकही सोडायला मी तयार होणार नाही. प्राथमिकच्या बाई म्हणतील की गुणोत्तर सातवीला जड जातं, आठवीत घ्या. शक्य आहे की त्यांचं बरोबर असेल. पण मग ते आठवीच्या यादीत माझ्या नावापुढे लिहिलेलं असेल, आणि मार्चमध्ये त्याचा जाब मला द्यावा लागेल.